ग्लाम्झची जॅनेट चेटकीण नव्हती

मावशी पुढच्या महिन्यात स्कॉटलंडला निघाली आहे. तिच्या सहलीच्या ग्रुपवर ग्लाम्झ किल्ल्याविषयी एक फॉरवर्ड फिरतोय. काल तो मला पाठवून तिने विचारलं, "अगं, तिथल्या चॅपलमध्ये जायचं की बाहेरच थांबायचं? चेटकिणीचं भूत बसतं म्हणे."

म्हणे! फॉरवर्ड सांगतो की जॅनेट डग्लस, म्हणजे लेडी ग्लाम्झ, चेटूक करायची म्हणून तिला जाळलं. 17 जुलै 1537 रोजी एडिंबरोत तिला जाळलं, एवढंच यातलं खरं. आरोप राजद्रोहाचा होता: राजा पाचव्या जेम्सवर विषप्रयोगाचा कट आणि परागंदा भावांना मदत. स्कॉटलंडच्या जुन्या फौजदारी खटल्यांची कागदपत्रं रॉबर्ट पिटकेर्न यांनी 1833 मध्ये छापली. त्यात हा खटला आहे, चेटकाचा आरोप नाही. तिथला चेटूकविरोधी कायदाच मुळी 1563 चा, ती गेल्यावर 26 वर्षांनी आलेला! राजद्रोही ठरलेल्या बाईलाही तेव्हा जाळण्याची शिक्षा होई.

तिला भोवलं ते माहेर. तिचा भाऊ, अँगसचा अर्ल, हा राजाचा सावत्र बाप. त्याने लहान वयातल्या राजाला 1528 पर्यंत मुठीत ठेवलं होतं. तो राग राजाने बहिणीवर काढला. तिच्या कोवळ्या मुलालाही मृत्युदंड सुनावून कैदेत टाकलं आणि किल्ला बळकावून तिथे स्वतःचा दरबार थाटला. 1542 मध्ये राजा मेला, तेव्हा कुठे मुलगा सुटला. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला डाकीण ठरवून बायकांचे किती हाल झालेत, ठाऊक आहे ना? मग हा शब्द करमणूक म्हणून पुढे ढकलू नका.

शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथने राजा डंकनला इथल्या 'डंकन हॉल'मध्ये मारलं, हेही फॉरवर्डमधलं खोटं. डंकन 1040 मध्ये एल्गिनजवळच्या लढाईत पडला. शेक्सपिअरनेसुद्धा खून इन्व्हर्नेसला दाखवलाय. बरं, ग्लाम्झला एक राजा वारला हे मान्य. पण तो डंकनचा आजोबा, दुसरा माल्कम, 1034 मध्ये. आजचा किल्ला तेव्हा नव्हताच. किल्ल्याच्या मालक घराण्याचा मूळपुरुष जॉन लायन, त्याला ही जागा मिळाली 1372 मध्ये.

आणि तिथे जन्मली ती राणी दुसरी एलिझाबेथ नव्हे, तिची धाकटी बहीण राजकन्या मार्गारेट, 1930 साली. राणीचा जन्म लंडनचा.

चॅपलमध्ये त्या भुतासाठी म्हणून एक जागा रिकामी ठेवतात, हे मात्र खरं. मावशी, तू खुशाल आत जा. भिंती आणि छत याकोब डी वेट या डच चित्रकाराने 1688 च्या सुमारास रंगवलंय. एका चित्रात येशूच्या डोक्यावर हॅट आहे, तेवढी शोध आणि मला कळव.