'इन यूटेरो' म्हणजे कर्टची सुसाइड नोट? अजिबात नाही

काल रात्री साडेअकराला भाचीने एक मराठी व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं, "मावशी हे खरंय का, मला झोपच येत नाहीये." सोळा वर्षांची पोर, सहा महिने झाले गिटार शिकतेय. व्हिडिओत म्हणे अमेरिकन रॉक बँड निर्वानाचा 'इन यूटेरो' हा अल्बम म्हणजे त्यांचा गायक कर्ट कोबेनची सुसाइड नोटच, अल्बम मुद्दाम वाईट बनवला, म्हणून आपटला, मग कंपनीने सगळा बदलून टाकला.

सुसाइड नोटचं आधी घेते, डोकं त्यानेच फिरलंय. पुरावा काय, तर शेवटचं गाणं 'ऑल अपॉलॉजीज', "जाताना मागितलेली माफी". अरे, ते गाणं त्यांनी १ जानेवारी १९९१ ला सिअ‍ॅटलमध्ये रेकॉर्ड करून बघितलं होतं, त्यांचा आधीचा अल्बम 'नेव्हरमाइंड' यायच्याही आधी! याच अल्बममधलं 'डम्ब' तर कर्टने १९९० मध्येच रेडिओवर गायलं होतं. आणि ३० ऑगस्ट १९९२ च्या इंग्लंडमधल्या रेडिंग फेस्टिव्हलचं अधिकृत रेकॉर्डिंग आहे, ते ऐका ना एकदा. त्यात तो 'ऑल अपॉलॉजीज' बायकोला आणि बारा दिवसांच्या लेकीला अर्पण करतो, एवढ्या गर्दीसमोर. बाळ झालेल्या बापाचं गाणं उचलून त्याला निरोपाची चिठ्ठी म्हणायचं आणि पोरांना पाठवायचं, काही वाटत नाही का? अल्बम रेकॉर्ड झाला फेब्रुवारी १९९३ मध्ये, त्याने आत्महत्या केली एप्रिल १९९४ मध्ये. व्यसन होतं, त्रास होता, कोणीच नाकारत नाहीये, पण दुःखाचं गाणं लिहिणारा मरायलाच निघालेला असतो हे सोळा वर्षांच्या मुलीला सांगू नका.

हो, अल्बमला आधी 'आय हेट मायसेल्फ अँड आय वाँट टू डाय' नाव द्यायचं चाललं होतं, हे खरं. कर्ट त्याला विनोद म्हणायचा, बँडमधल्या बेस वाजवणाऱ्या क्रिस्टने समजावल्यावर ते नाव सोडून दिलं.

आपटला म्हणे! सप्टेंबर १९९३ मध्ये आला तो थेट बिलबोर्ड या अमेरिकन अल्बम यादीत एक नंबरला.

कंपनी नाराज होती, मान्य. निर्माता स्कॉट लिटने 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' पुन्हा मिक्स केली, म्हणजे वाद्यं-आवाजांचा मेळ नव्याने बसवला, आणि मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या ध्वनी-सफाईत, थोडा बदल झाला. पण बाकीच्या दहा गाण्यांचं मिक्स अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचंच आहे, ज्याने रॉयल्टी नको, प्लंबरसारखे कामाचे पैसे द्या असं बँडला पत्रात लिहून कळवलं होतं.

भाचीला रात्रीच रेडिंगचं रेकॉर्डिंग पाठवलं. सकाळी तिचा मेसेज, "मावशी, याचे कॉर्ड्स सोपे आहेत का?"