पावडर कोटिंगवाला सांगतोय, विमानाच्या पॅनलला पावडर नको

माझं पोट पावडर कोटिंगवर चालतं, म्हणजे रंगाची कोरडी पूड पत्र्यावर मारायची आणि ओव्हनमध्ये पिकवायची. जळगावच्या एमआयडीसीत शेड आहे. कपाटं, ग्रिल, मोटारपंपाच्या स्टार्टरचे डबे, कुलरच्या बॉड्या असं सगळं आमच्या ओव्हनमधून जातं. तरीही सध्या मी सख्ख्या भाच्याला फोनवर ओरडून सांगतोय की बाबा रे, विमानाच्या पॅनलला पावडर मारू नको. धंद्यातली मंडळी हसतायत. हसू देत.

भाचा अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. खेळण्यातलं नाही, बसून उडायचं. तिकडे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर असं विमान रीतसर ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. आपल्याकडे हे किती अवघड आहे ते वैमानिक अमोल यादवांना विचारा. कांदिवलीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, आणि चाचणीची उड्डाणं कुठे झाली? आपल्या धुळ्याला. त्यामुळे ‘खान्देशी माणसाचा विमानाशी काय संबंध’ असं कुणी कमेंटमध्ये लिहू नये.

तर पॅनल. पायलटच्या समोरचा तो पत्रा, ज्यात घड्याळं, स्क्रीन, रेडिओ, बटणं बसतात. भाच्याचा पत्रा २०२४-टी३ अ‍ॅल्युमिनियमचा आहे, दीड-दोन मिलीमीटर जाड. २०२४-टी३ हे साल नव्हे, विमानात वापरतात त्या मिश्रधातूचं नाव. गोल घड्याळांची जुनी प्रमाण मापं दोनच: एक तीन इंच एक सूत आणि दुसरं सव्वादोन इंच. भोकं पाडून झाली, कडा घासून झाल्या, आणि मग साहेबांचा प्रश्न आला, “मामा, सगळ्यात टिकाऊ फिनिश कोणतं?”

टिकाऊ म्हटलं की सगळे नखाने खरवडून बघतात. त्या परीक्षेत पावडर पहिली येते यात वाद नाही. साठ-ऐंशी मायक्रॉनचा जाड थर, एकसारखा, दणकट. पण पॅनल हे कपाट नव्हे. कपाट एकदा रंगवलं की पंधरा वर्षं कुणी त्यात नवीन भोक पाडत नाही. विमानवाल्यांचं तसं नसतं. आज गोल घड्याळ आहे, उद्या त्याजागी स्क्रीन येते, रेडिओ बदलतो, एखादं बटण उजवीकडून डावीकडे जातं. भाच्याचं विमान अजून उडालेलं नाही आणि पॅनलचा नकाशा आत्ताच तिसऱ्यांदा बदललाय. पावडरच्या थरात नवीन भोक पाडलं की कडेचा कपचा उडण्याची भीती, आणि तो डाग लपवायला ब्रश घेऊन बसलात तर ठिगळ लांबूनही दिसतं. पूर्ण काढायचं म्हटलं तर एकतर जहाल रिमूव्हर किंवा भट्टी. भट्टीत घालून पावडर जाळायची पद्धत लोखंडाला ठीक आहे, या पत्र्याला नाही.

शिवाय माप. भोकाच्या कडेलाही थर चढतो, म्हणजे भोक सव्वाशे-दीडशे मायक्रॉनने आवळतं. गोल घड्याळाला चालून जाईल, पण रेडिओचा ट्रे मोजून कापलेल्या खिडकीत अडकतो आणि मग सगळे कानस घेऊन बसतात. आणि उष्णता. पावडर पिकायला पत्रा १८० ते २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावा लागतो. तेवढ्याने पॅनलचं आभाळ कोसळत नाही. पण २०२४-टी३ ला लागलेली ताकद ही उष्णतेच्या प्रक्रियेतूनच आलेली असते. तिच्याशी पुन्हा खेळायचं कशाला? भार घेणारा भाग तर कुणी मागितला तरी मी ओव्हनमध्ये घालणार नाही.

एक घरची गोष्टही सांगून टाकतो. आमच्या लाइनीतल्या बहुतेक शेडमध्ये जे सात टाक्यांचं धुणं असतं, ते लोखंडासाठी लावलेलं असतं. तेल काढा, गंज काढा, फॉस्फेट चढवा. अ‍ॅल्युमिनियमला वेगळं एचिंग (रसायनाने पृष्ठभाग खरवडणं), वेगळं कन्व्हर्जन कोटिंग (रंग धरून ठेवणारा रासायनिक थर) लागतं. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही, आणि ग्रिलच्या मागोमाग अ‍ॅल्युमिनियमही त्याच टाकीत बुडतं. वरून चकाचक. पापुद्रा कधी सुटेल त्याचा नेम नाही.

मग भाचा म्हणाला, अ‍ॅनोडायझिंग. कल्पना वाईट नाही. तो रंगाचा थर नसतोच, धातूचाच ऑक्साइड वाढवलेला असतो, त्यामुळे पोपडा निघायचा प्रश्न नाही. पण या २०२४ जातीच्या पत्र्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं आणि अशा मिश्रधातूवर थर तेवढा छान बसत नाही, रंगही सारखा येत नाही. काळा डाय उन्हात विटतो. अ‍ॅनोडायझिंग काहीही लपवत नाही, पत्र्यावर जुना ओरखडा असेल तर तो काळा होऊन तसाच दिसतो. आणि तो थर वीज वाहत नाही, म्हणजे अर्थिंगच्या जागा खरवडून मोकळ्या कराव्या लागतात. नवीन भोक पाडलं की चांदीसारखी कड उघडी, तिला काही उपाय नाही. तिथेही तेच रडगाणं.

माझं मत साध्या टू-पॅक रंगाला, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून मारायचा तो. खाली इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन, सॅटिन म्हणजे मंद चमकेचं. आठ-दहा वर्षांनी भोक बुजवायचं, तर तेवढा भाग घासा, प्रायमर मारा, रंग मारा, संपला विषय. शिकाऊ विमानांत किल्लीच्या खाली बघा कधी. झुलणाऱ्या जुडग्याने घासून रंगात चंद्रकोर पडलेली असते, पार पत्र्यापर्यंत. तुमच्या बाइकच्या हँडलवर पडते तश्शीच. ती कुठल्याही फिनिशवर पडणार. प्रश्न एवढाच की तुम्ही ती रविवारी दुपारी घरच्या घरी मिटवू शकता का.

अर्थात रंग जसा तसा मारून चालत नाही. सगळा जीव खालच्या तयारीत आहे. पत्रा धुतल्यावर त्यावर स्वच्छ पाणी ओता आणि उभा धरा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर काम झालं. कुठे फाटला, थेंब गोळा झाले, तर तिथे बोटाचं तेल आहे, पुन्हा धुवा. त्यानंतर त्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. रंग पूर्ण पिकल्यावर उरलेल्या तुकड्यावर ब्लेडने एकेक मिलीमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, त्यावर टेप चिकटवून ओढायची. टेपला चौकोन चिकटून आले तर पॅनलला हात लावू नका. भाच्याचा पहिला तुकडा नापास झाला. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. “काय करी ऱ्हायना भो तू?” एवढंच म्हणालो. दुसरा तुकडा पास.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना घातक रसायन. आपल्याकडचे पेंटर तोंडाला रुमाल बांधून टू-पॅक मारतात, ते बघून माझ्या अंगावर काटा येतो. रुमालाने काहीही अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर दुसऱ्याकडून मारून घ्या. आणि इथे खान्देशात कुणी करणार असेल तर मे महिन्यात भर दुपारी करू नका. ४४-४५ अंशांत थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत भुकटी होते आणि हात फिरवला तर सॅंडपेपर. पहाटे मारा, स्लो थिनर वापरा.

रंग कोणता? काळा कुळकुळीत हवा म्हणून भाचा हटून बसला होता. काचेखालचा वरचा भाग गडद मॅट हवाच, नाहीतर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं. पण पॅनलचा चेहरा मधल्या करड्या रंगाचा चांगला. काळ्यावर धूळ उठून दिसते आणि काळ्या पॅनलवर काळी बटणं शोधत बसावं लागतं. ओझरला एचएएलने बांधलेल्या मिग-२१ चे कॉकपिटचे फोटो बघा, आत हिरवट निळा रंग. रशियनांनी तो काही शोभेसाठी दिला नव्हता. कार्बन फायबरच्या डिझाइनचं विनाइल चिकटवायची टूम निघाली होती, ती मी जागच्या जागी मारली. बंद काचेखाली उन्हात गोंद मऊ पडतो आणि कोपरे उचलतात.

अक्षरांसाठी माझी युक्ती वेगळी आहे. खाली पांढरा रंग, वर करडा, आणि लेझरने वरचा थर तेवढा उडवायचा. पांढरी अक्षरं आतूनच उमटतात, झिजतील कशी? ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे लेझर असतो, आधी तुकड्यावर सेटिंग बघून घ्यायचं. फक्त विनाइल लेझरखाली धरू नका, पीव्हीसी जळून निघणारा वायू माणसालाही वाईट आणि मशीनलाही. पीव्हीसी पाइपांच्या गावात राहून हे तरी आपल्याला माहीत असायला हवं.

आता नवीन भांडण ताईचं आहे. पहिल्या उड्डाणाआधी पूजा होणार आणि पॅनलवर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढणार, असं तिने फोनवर जाहीर केलंय. सॅटिन फिनिशमध्ये हळद मुरली की निघत नाही, हे तिला तिच्याच ओट्यावरून पटवलं. स्पिनरला लाव म्हटलं, पंख्याच्या मधल्या टोकदार टोपीला. तिथे ग्लॉस आहे, पुसून निघतं. ती म्हणते, आधी मला फोटो पाठव, मग ठरवते.