कोऱ्या पानांचा हिशेब

पर्यावरण शिक्षण मुलांच्या रोजच्या वापराशी जोडावे, ही एका लेखात वाचलेली मागणी मनापासून पटली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले आणि महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. तरीही ‘वसुंधरा वाचवा’ हा प्रकल्प मुले विकतच्या थर्माकोलवर चकचकीत कागद चिकटवून करतात आणि त्यालाच गुण मिळतात, हे फार खटकते. त्याऐवजी वर्षअखेरीस अर्धवट वह्यांतली कोरी पाने सोडवून, दाभणाने शिवून कच्च्या वह्या बांधायला शिकवावे (पालकांनी ते घरी उरकून देऊ नये) आणि पुढच्या इयत्तेत किती वह्या कमी घ्याव्या लागल्या, याचा हिशेब मुलांनाच मांडू द्यावा. मात्र त्यासाठी प्रत्येक विषयाला नवीकोरी वहीच हवी, हा आग्रह शाळांनी आधी सोडायला हवा.