गाजरगवताचं बारमाही पीक

सातारा जिल्ह्यात शेतीचा विषय निघाला की पाणी, मजूर आणि भाव या तिघांच्या नावानं बोटं मोडली जातात. तेव्हा या तिघांचंही तोंड पाहावं लागत नाही असं एक पीक सुचवतो. तुमचा शहरात एखादा रिकामा प्लॉट असेल आणि तो रिकामाच ठेवायची चिकाटी असेल, तर अर्धं काम झालंच. बियाणं विकत आणायला जाऊ नका. ते अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर देशात पसरलं असं म्हणतात. 1955 च्या सुमारास ते पुण्यात नजरेस पडलं. आणि पुण्यात आलेलं साताऱ्याला यायचं राहतंय होय?

ओळखायला सोपं आहे. कोवळेपणी पाला गाजरासारखा, पुढे कमरेएवढं झुडूप, माथ्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे. पण ओळख पटली म्हणून लगेच वाकू नका. पावसानं जमीन मऊ असते, कोवळं रोप मुळासकट हातात येतं, आणि त्याला बी धरलेलं नसतं. म्हणजे पीकच बुडालं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, वर्षात तीन-चार पिढ्या काढतं. त्याला जरा वेळ द्या.

श्रमदानाची तारीख म्हणूनच पाहुण्यांच्या सोयीनं ठरवावी. गाजरगवत जागृती सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला असतो. मृगाच्या पावसावर उगवलेलं गवत तोवर ऐन फुलोऱ्यात येतं आणि फोटोही छान निघतात. पाहुण्यांना आणखी महिनाभर वेळ नसेल तर सोन्याहून पिवळं. मग यंत्रानं वरच्यावर छाटणी करावी, म्हणजे बुंधा पुन्हा फुटतो. छाटलेला माल उघड्या ट्रॉलीत भरून साताऱ्यातल्या गोडोलीहून थेट दुसऱ्या गावच्या गायरानात टाकावा. वाटेत जे सांडेल ते सांडेल, रस्त्याच्या कडेची पेरणी फुकटात होते. हातमोजे घालू नका, फोटोत बरं दिसत नाही. अंगावर पुरळ आलं, रात्री दम लागला, तर हवा बदलली म्हणावं.

या पिकावर कीड मात्र एक पडते, तिच्यापासून सांभाळा. पावसाळ्यात पानांवर फिकट पिवळसर, पाठीवर गडद नक्षी असलेले छोटे भुंगेरे दिसतील. ते मेक्सिकोचे. 1984 साली शास्त्रज्ञांनी बंगळुरूजवळ मुद्दाम सोडले, कारण हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताचा पाला फस्त करतात. दिसले रे दिसले की औषधाचा पंप पाठीवर घ्या. बांधावर टाकळा माजला असेल तर तोही आधी उपटून टाका. तो गाजरगवताला वर डोकं काढू देत नाही, आणि वर लोक त्याची भाजीही करतात.

डोंगरउतारावर घाणेरी घ्या. ही तर शोभेचं झाड म्हणून आणलेली, तेव्हा तिचा मान वेगळा. तिच्यावर फुलपाखरं येतात, एवढं वाक्य पाठ असलं की कुणाशीही वाद जिंकता येतो. तिची पिकलेली काळी फळं बुलबुल खातात आणि बी पार पुढच्या डोंगरावर नेऊन टाकतात. एखादा जाणकार सांगेल की फळ धरायच्या आत बुंधा जमिनीखालून उखडा, मोकळ्या जागेत मारवेल, पवना अशी गवतं लावा, नंतर दोन-तीन पावसाळे लक्ष ठेवा. दोन-तीन पावसाळे! तेवढ्यात इकडे निवडणूक येऊन जाते. त्यापेक्षा उन्हाळ्यात वणवा लावा. गवत, करवंदाची रोपं जळून जातात आणि घाणेरी बुंध्यातून नव्या जोमानं फुटते. उरलेल्या जागेत वृक्षारोपण करायचं असेल तर गिरीपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया लावा. बांधावर हिरवळीच्या खताला ते उत्तमच, पण आपण ते डोंगरमाथ्यावर लावायचं. पट्कन हिरवं होतं, अहवालात जंगल दिसतं.

कासला जाणार असालच. 2012 साली जागतिक वारशात गेलेलं पठार आहे ते, गर्दी तर होणारच. तिथली सोनकी गुडघ्यालाही धड लागत नाही, कवला तर त्याहून बारीक. फोटोला कोण वाकणार? वाटेत कुठे पिवळ्याधमक, नारिंगी कॉसमॉसचा ताटवा दिसला की तिथे उतरा. तोही मेक्सिकोचाच. आत शिरून कमरेपर्यंत फुलांत उभं राहून फोटो काढा. त्याचं बी काटेरी टोकाचं असतं, ते कपड्यांना चिकटतं. ते गाडीत बसण्याआधी झटकू नका. पठारावर पोचल्यावर निवांत झटका.

एवढं करूनही तुमच्या गल्लीत एखादी काकू निघतेच. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळते, पहिल्या पावसानंतर फुलं यायच्या आत बोळातली रोपं मुळासकट उपटते, आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात कुजवून त्याचं खत करते. फोटो नाही, फलक नाही, पाहुणे नाहीत. अशा काकूंशी भांडू नका. प्रभागाच्या गाजरगवत निर्मूलन समितीचं अध्यक्षपद त्यांना एकमतानं देऊन टाका. पहिली बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवा, सकाळी, आणि कोरम होईपर्यंत त्यांना उठू देऊ नका.