ट्रॅक्टरवाल्याचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही माझ्या गॅरेजला एक तारा दिला आणि लिहिलं की गाडी चार दिवस अडकवली, 2,850 रुपये घेतले, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलाच नाही, फोन उचलत नाही, आणि शेवटी ‘ट्रॅक्टरवाल्याकडे स्पोर्ट्स गाडी नेऊ नका’. हिंगणघाटात तिघांनी मला ते मोबाईलवर दाखवलं, एकाने तर टपरीवर मोठ्याने वाचलं. म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

आधी माझं चुकलं ते. फोन उचलला नाही हे खरं आहे. दोन दिवस एका हार्वेस्टरखाली होतो आणि मोबाईल गल्ल्यात. पोट्ट्याला सांगून ठेवायला पाहिजे होतं. दुसरं, रेडिएटर तुम्हाला न विचारता उतरवून धुतला. त्याचे 600 रुपये परत घेऊन जा. तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिल्यापेक्षा गाडीत टर्बो लावण्यासारखा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाले आधी तेच बोट दाखवतात. हे गाडी आत घेताना सांगायचं होतं, मी सांगितलं इंजिन तपासल्यावर. तुमचा राग तिथे बरोबर आहे.

पण नुसता कायदा सांगून हात झटकले असते, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नागपूरला नेऊन तोच टर्बो लावून घेतला असता. म्हणून इंजिनात काय दिसलं ते लिहितो.

तुमची 2002 ची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटर, कंपनीतून 106 हॉर्सपॉवर. चार दरवाजे असले तरी आपल्याकडच्या पोट्ट्यांनी तिला स्पोर्ट्स गाडीच मानलं, माझंही तेच मत आहे. मात्र तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजलं तर पहिल्या सिलिंडरला 175, दुसऱ्याला 170, चौथ्याला 172 आणि तिसऱ्याला 128. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर काटा 160 वर गेला. ऑइलने दाब वाढला म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा गेल्या. त्याच सिलिंडरचा प्लग काढून उन्हात धरला, तर पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके होते, काही चकाकणारे. ते चकाकणारे म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम. टर्बो नसतानाच गाडी आतून ठोके खाते आहे. प्लग मी डबीत ठेवला आहे, भिंगही देतो, स्वतः बघा.

आता ‘ट्रॅक्टरवाला’. भाऊ, टर्बो माझ्याकडे टिप्पर आणि हार्वेस्टरमधून येतात, महिन्याला दोन-तीन तरी. तुम्ही आणलेलाही छोट्या डिझेल गाडीचाच आहे. डिझेल इंजिन आधी नुसती हवा दाबतं आणि डिझेल शेवटी फवारतं, म्हणून हवा कितीही कोंबली तरी वेळेआधी पेटायला आत काही नसतं. तुमच्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळूनच दाबलं जातं. जास्त दाबलं, जास्त तापलं, की ठिणगीची वाट न बघता पेटतं. वर पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापलेला, तो त्या टर्बोच्या चाकाला सोसला पाहिजे. तुमच्या टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला, तर पुढेमागे खेळ लागतो. आडवा किंचित चालतो, पुढेमागे अजिबात नाही. कोणी विकला विचारत नाही, पण तुम्हाला फसवलं.

आणि आपलं ऊन. नवतप्यात 45 अंशांची हवा अर्धा बार, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या दीडपट, दाबली, की इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसेल तर ती शंभर अंशांच्या आसपास जाते. तुमच्या सामानात इंटरकूलर नव्हता, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर नव्हते, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, काही नव्हतं. हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे आधी तोच तिसरा पिस्टन वितळेल. रविवारी हौसेने काढायची गाडी असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही रोज हिंगणघाट-वर्धा करता, भर दुपारी परतता, घरापुढे उभी करून लगेच चावी काढता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ऑइलवरच तरंगतो. तापलेला असताना चावी काढली की ऑइल थांबतं आणि आतल्या आत जळून त्याचा कोळसा होतो. पंजाबातून येणारे हार्वेस्टरवाले मशीन थांबवण्याआधी मिनिटभर मोकळी चालू ठेवतात, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

रेडिएटर काऊन उतरवला तेही सांगतो. जाळीचा खालचा अर्धा भाग कापसाचे तंतू आणि मातीने भरला होता, नमदाच झाला होता. सीझनमध्ये मार्केट यार्डासमोर कापसाच्या गाड्यांमागे उभं राहिलं की हे होतंच. गाडी गरम होते अशी तक्रार तुमचीच होती, टर्बोच्या नादात ती मागे पडली.

600 वजा जाता 2,250 राहिले, ते चार प्लग, कूलंट आणि कॉम्प्रेशन तपासणीचे. बिल मी हाताने खरडून दिलं होतं, आता नीट लिहून ठेवलं आहे. टर्बो रॅकवर आहे, तोंडं कापडाने बांधून. रिंगांचं काम करायचं असेल तर इंजिन उघडावं लागेल, सात-आठ दिवस जातील, आणि पोळ्यापर्यंत माझ्याकडे जागा नाही. तोवर इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर फिरवू नका आणि ऑइल दर आठवड्याला काडी काढून बघा. सकाळी दहाच्या आत आलात तर मी गॅरेजवर भेटतो. मोबाईल आता खिशात असतो.