भाल्याचं टोक म्हणजे सर्जनचं ब्लेड नव्हे

'कोलंबसपूर्व अमेरिकेतल्या ऑब्सिडियनच्या भाल्याच्या टोकांना एका अणूइतकी धार होती, एका घावात घोड्याचं मुंडकं उडायचं, धातूच्या अवजारांशिवाय ती घडवणं अशक्यच, आणि त्यांचं वय कार्बन डेटिंगने सिद्ध झालंय.' हा मजकूर फोटोसकट सगळीकडे फिरतोय. त्यातला एकही दावा भाल्याच्या टोकाला लागू पडत नाही.

'एका अणूइतकी धार.' ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. ताज्या पात्याची कड सुमारे ३ नॅनोमीटर भरते. स्टीलच्या ब्लेडपेक्षा ती खूपच बारीक आहे, पण त्या जाडीतही दहाहून जास्त अणू मावतात. शिवाय हा आकडा गाभ्यावरून, म्हणजे तयार केलेल्या मूळ गोळ्यावरून, एका दाबात सुटलेल्या पात्याचा आहे. भाल्याचं टोक दोन्ही अंगांनी कपच्या काढून घडवतात, त्यामुळे त्याची कड नागमोडी आणि जाड राहते. ती तशीच हवी, कारण काच ठिसूळ असते आणि पातळ कड हाडावर आदळली की तिचा चुरा होतो.

'धातूशिवाय अशक्य.' दगडाचा हातोडा आणि हरणाचं शिंग एवढ्यावर हे काम होतं, आणि आजही कारागीर ते करून दाखवतात. आधी दगडाने मोठ्या कपच्या उडवायच्या, मग शिंगाच्या दांड्याने हलके ठोके देत तुकडा पातळ करायचा. शेवटी तळहातावर जाड चामडं घेऊन त्यावर तुकडा धरायचा आणि शिंगाच्या टोकाने दाब देत कडेच्या बारीक कपच्या काढायच्या. प्रत्येक कपचीआधी कड खरखरीत दगडाने घासावी लागते. न घासलेली कड दाबाखाली चुरते आणि कपची आत सरकतच नाही. दाबाचा कोन चुकला तर कपची अर्ध्यात तुटून पायरी राहते. पुढच्या कपच्याही तिथेच अडतात, मधोमध उंचवटा उरतो आणि टोक काठीच्या खाचेत नीट बसत नाही. ठोका देताना तुकड्याला नीट आधार नसेल तर तो आडवा मोडतो, सगळी मेहनत वाया. बुडाकडच्या कडा तर मुद्दाम घासून बोथट करत, नाहीतर टोक बांधायची स्नायूची दोरीच कापली जाते. जिथे दोरी कापू नये म्हणून धार बोथट करतात, तिथे अणूइतकी धार कुठून येणार?

'घोड्याचं मुंडकं.' १५१९च्या मेक्सिकोतल्या त्लाश्कालाच्या लढाईत घोडीची मान कापली गेल्याचं स्पॅनिश सैनिक बर्नाल दिआसने लिहिलंय. पण ते काम रुंद तलवारीसारख्या हत्याराचं, म्हणजे लाकडाच्या कडांना ऑब्सिडियनची पाती बसवलेल्या माक्वाविट्लचं. भाल्याशी त्याचा संबंध नाही.

'कार्बन डेटिंग.' काचेत सेंद्रिय कार्बन नसतो, मग ती पद्धत इथे चालणार कशी? सोबत सापडलेल्या कोळशाचं किंवा हाडाचं वय काढता येतं. खुद्द काचेसाठी १९६०मध्ये वेगळी पद्धत मांडली गेली: पृष्ठभागात मुरलेल्या पाण्याच्या थराची जाडी मोजायची. पाणी मुरण्याचा वेग तापमानावर आणि काचेच्या घटकांवर अवलंबून असतो, त्यामुळे हिशेब जपूनच करावा लागतो. एक्स-रे तपासणीने मात्र दगड कुठल्या खाणीचा हे नेमकं कळतं. मेक्सिकोतल्या पाचुकाची हिरवी काच ग्वाटेमालातल्या माया शहरात, टिकालला, सापडली आहे. वाट हजारेक किलोमीटरची, आणि ओझं वाहायला बैल किंवा घोडा नव्हता. सगळं माणसांच्या पाठीवर.