नकली रेन, मातीचा नाग
26 डिसेंबरला आयर्लंडमधल्या कॉर्कहून डिंगल गावाला जायचं तर पाऊस गृहीत धरायचा. तरी मी जातो. तिथे त्या दिवशीच्या मिरवणुकीत गल्लीगल्लीचा वेगळा गट, वेगळे रंग. अंगावर पेंढ्याचे झगे, डोक्यावर पेंढ्याचेच उंच टोप, पुढे ढोल आणि बासऱ्या. एक पांढरी लाकडी घोडी बघ्यांच्या अंगावर धावून येते. गणेश मंडळांत वाढलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

हा थाट रेन नावाच्या जेमतेम दहा ग्रॅमच्या पाखरासाठी. आयरिश भाषेत ‘द्रोलीन’. सगळ्यांत उंच उडेल तो पाखरांचा राजा, असं ठरलं तेव्हा हा गरुडाच्या पिसांत लपला आणि गरुड थकल्यावर त्याच्याही वर उडाला. म्हणून राजा. पण झुडपात लपलेल्या संत स्टीफनचा (26 डिसेंबर हा त्याचाच दिवस) पत्ता यानेच चिवचिवून दिला म्हणे, म्हणून फितूरही. मग याच दिवशी पोरं त्याला काठ्यांनी मारत, काठीला बांधून दारोदार नेत आणि त्याच्या मर्तिकासाठी पैसे मागत. वर्गणीच ती!

आता पाखरू नकली असतं आणि जमलेले पैसे चांगल्या कामाला जातात. मारणं विसाव्या शतकात हळूहळू सुटत गेलं, 1976 च्या कायद्याने रेनला संरक्षणही मिळालं. ढोल मात्र तेवढ्याच जोरात वाजतो.

हे फोनवर मामांना सांगायला गेलो आणि फसलो. माझं आजोळ बत्तीस शिराळ्याजवळ. नागपंचमीला जिवंत नाग पुजायला कोर्टाने बंदी घातल्यापासून ‘आमचा सण मारला’ हे मामांचं पालुपद. ते म्हणाले, “तुझे लोक मारत होते. आम्ही पुजून सोडून देतो. दोन्ही एका मापात मोजू नकोस.”

मुद्दा खरा आहे. शिवाय डिंगलमध्ये सवय पिढ्यांनी सुटली, शिराळ्यात हुकूम एका फटक्यात आला, सल राहणारच. पण मडक्यात कोंडलेल्या, गर्दीपुढे फणा काढायला लावलेल्या नागाला ती पूजा वाटत असेल, हे मला पटत नाही.

मी म्हटलं, “मामा, गोरखनाथ शिराळ्यात भिक्षेला आले तेव्हा ती बाई मातीचाच नाग पुजत होती ना?”

“हो. आणि त्यांनी तिला जिवंत नाग दिला. गोष्ट अर्धी सांगू नकोस.”

मग त्यांनी विचारलं, त्या लाकडी घोडीच्या आत किती माणसं असतात?